कॉमिक कॉनमधले जुन्या अंकांचे डीलर: वागणूक, भाव आणि आपण घ्यायची काळजी

टिंबटिंब

न्यू यॉर्क, सॅन डिएगो, शार्लट, बाल्टिमोर इथल्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळ्यांना, जाणारे बरेच जण इथे आहेत. डीलरांचा विषय निघाला की सूर ठरलेला असतो: माजोरडे असतात, लुटतात. काही असतातही. पण कोणत्या वागण्यामागे काय कारण असतं आणि आपण त्यावर काय करायचं, हे एका जागी असावं म्हणून हा धागा. विषय फक्त जुन्या अंकांच्या टेबलांचा. खेळणी, टी-शर्ट, आर्टिस्ट ॲलीतले चित्रकार यांचं गणित वेगळं आहे, ते इथे नको.

आधी टेबल कसं मांडलेलं असतं ते. पुढे लाँगबॉक्सच्या रांगा. पिशवी आणि बोर्ड (आधाराचा पुठ्ठा) घातलेले दोनशेच्या वर अंक एका खोक्यात मावतात. हा एक, तीन, पाच डॉलरवाला माल. मागे जाळीवर टांगलेले महाग अंक, त्यांना वॉल बुक म्हणतात. आणि काचेच्या पेटीत किंवा डीलरच्या पाठीशी स्लॅब, म्हणजे ग्रेड करून (अंकाच्या अवस्थेला दहापैकी आकडा देऊन) प्लास्टिकच्या कवचात बंद केलेले अंक. या तीन जागांवर एकच माणूस तीन तऱ्हांनी वागतो. खोक्यांत तासभर डोकं घालून बसलात तरी तो ढुंकून बघणार नाही. यात अपमान काही नाही, तिथली रीतच तशी आहे. वॉल बुककडे बोट दाखवलंत की मात्र त्याने उठून यायला हवं. उठत नसेल तर पुढचं टेबल गाठा.

माझ्या मते डीलर ओळखायची खूण एकच: महाग अंकावर भाव लिहिलेला आहे का. चांगल्या डीलरच्या पिशवीवर छोटं लेबल असतं, त्यावर ग्रेड, किंमत आणि दोष. 'मधलं पान एका पिनेतून सुटलेलं' इतकं स्पष्ट लिहिणारेही असतात. भाव न लिहिणारा आधी तुमचे कपडे आणि घड्याळ बघतो, मग विचारतो, 'बजेट किती?' ही सवय २०२०-२१ च्या तेजीत फोफावली. भाव आठवड्याला वाढत होते, लेबलं बदलायचा कंटाळा. २०२२ पासून भाव उतरले तरी लेबलं काही परत आली नाहीत.

निळी_शाई

लेबलाच्या मुद्द्याला अर्धाच पाठिंबा. दारं उघडायच्या आधी, मांडामांड चालू असताना डीलर एकमेकांकडून भरपूर माल उचलतात. खरा खजिना तेव्हाच हात बदलतो. तो माल सकाळी जाळीवर लेबलाविनाच चढतो. तेव्हा पहिल्या दिवशी दोन-चार अंकांना लेबल नसेल तर लगेच संशय नको. सगळी भिंत कोरी असेल तर जरूर संशय घ्या.

'बजेट किती' याला उत्तर द्यायचं नाही. 'तुमचा भाव सांगा, मग बघतो' एवढंच. त्यावर तो मोबाईल काढतो. इथे सावध. बघायचा तो विकल्या गेलेल्या अंकांचा भाव, मागितलेला नाही. ईबेवर विक्री झालेल्या नोंदी वेगळ्या गाळता येतात. पण ज्या नोंदीवरची किंमत खोडलेली दिसते तिथे सौदा खालच्या आकड्याला झालेला असतो आणि तो आकडा तिथे दिसत नाही. डीलर नेमकी तीच नोंद तुमच्यापुढे धरतो. स्लॅबसाठी जीपीॲनालिसिस या संकेतस्थळावर ग्रेडनुसार विक्रीचा इतिहास मिळतो, वर्गणी भरावी लागते. एकाच विक्रीवर जाऊ नका, शेवटच्या तीन-चार बघा आणि ग्रेड तीच आहे ना ते तपासा. ९.६ आणि ९.८ मध्ये कधीकधी दुपटीचा फरक असतो.

ओव्हरस्ट्रीट गाइड हे भावांचं पुस्तक १९७० पासून निघतंय, आजही काही जुने डीलर तेच उघडतात. त्यात भावाचे सहा रकाने आहेत: २.०, ४.०, ६.०, ८.०, ९.० आणि ९.२. म्हणजे 'गाइडप्रमाणे ९.४ चा भाव' असं कुणी म्हणालं तर तो रकानाच त्यात नाही. गाइडचा आकडा जास्त असेल तर गाइड, ईबेचा जास्त असेल तर ईबे, असा दुटप्पीपणा सर्रास चालतो. सरळ विचारायचं: 'तुम्ही विकत घेताना कोणता आकडा धरता?'

भोपळे_चौक

आपल्या बाजूचंही थोडं. डीलर खेकसतात त्यातल्या निम्म्या वेळा कारणं ही असतात: पाठीवरची सॅक (वळलात की मागची रांग आडवी, सॅक पुढे घ्या), हातात कॉफी, खोक्यांवर मांडलेला मोबाईल आणि पिशव्या, आणि अंक वर ओढून तिरका परत कोंबणं. अंक काढताना आधी खोक्यातले बाकीचे पुढे सरकवून जागा करायची, मग दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचा. निवडलेली चळत खोक्यावर नाही, बाजूला किंवा डीलरकडे द्यायची: 'हे माझ्यासाठी ठेवा.' कोणी नाही म्हणत नाही.

शेवटचं_पान

पिशवीतून अंक काढून बघणं हा सर्वांत भांडणाचा विषय, म्हणून जरा सविस्तर.

स्वतः काढू नका. 'आतून बघता येईल का' असं विचारा आणि डीलरलाच काढू द्या. कारण पिशवीच्या झाकणावरची चिकटपट्टी. अंक वर सरकवताना ती मुखपृष्ठाला चिकटली तर शाईचा पापुद्रा घेऊनच सुटते आणि ९.२ चा अंक जागच्या जागी ७ वर येतो. नुकसान कुणाचं, यावर तिथेच तमाशा. जाणता डीलर पट्टी पूर्ण काढून टाकतो किंवा झाकण मागे दुमडून ती पिशवीवरच चिकटवतो. मग बोर्ड आणि अंक एकत्र बाहेर सरकवतो आणि बोर्डासकट टेबलावर ठेवतो. साठ-सत्तर डॉलरच्या वरच्या अंकाला जो काढून दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. 'माझ्यावर भरवसा नाही का' हे उत्तर आलं तर हसून निघायचं.

उघडलेल्या अंकात मी या क्रमाने बघतो. कणा: तिरप्या उजेडात छोट्या आडव्या चिरा दिसतात. शाई तुटून पांढरं दिसत असेल तर तो दोष कायमचा. शाई शाबूत असेल आणि नुसता दबलेला असेल तर प्रेस करून (उष्णता आणि दाब देऊन) जातो. (डीलरचं लाडकं वाक्य: 'प्रेस केलात की ९.४ येईल.' मग तुम्ही का नाही केलंत, असं विचारावं.) दुसरं, पिना. गंज आहे का, गंजाचा डाग कागदात उतरलाय का, आणि पिनेची जागा हललेली तर नाही. जुन्या भोकांच्या शेजारी नवी पिन म्हणजे अंक कधीतरी सोडवून परत बांधलेला आहे. तिसरं, मधलं पान. साठच्या दशकातल्या साध्या अंकात आतली ३२ पानं असतात, म्हणजे आठ कागद दुमडलेले. १६-१७ ची जोडी दोन्ही पिनांत घट्ट हवी. चौथं, पानं मोजणं. याला एक मिनिट लागतं आणि डीलर कपाळाला आठ्या घालतो. घालू दे.

१९७४ पासून मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून घ्यायचे 'व्हॅल्यू स्टॅम्प' छापायला सुरुवात केली. पोरांनी ते कापले. 'इन्क्रेडिबल हल्क' १८१, नोव्हेंबर १९७४, वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण अंक, यात तो स्टॅम्प नसला की किंमत धाडकन कोसळते, आणि पिशवीतून बघून काहीच कळत नाही. हा अंक पत्रांचं पान न उघडता घेणं म्हणजे पैसे फेकणं.

रंगकाम: काळ्या मुखपृष्ठाच्या कण्यावर मार्करने टिंबं भरलेली असतात. मुखपृष्ठाच्या आतल्या पांढऱ्या बाजूला रंग झिरपलेला दिसतो. ३६५ नॅनोमीटरचा छोटा यूव्ही टॉर्च असेल तर नवी शाई वेगळी चमकते, पण टॉर्च काढण्याआधी विचारा. न विचारता मारलात की डीलरला चोरीचा आळ घेतल्यासारखं वाटतं. कडा अति सरळ आणि धारदार असेल तर अंक कापून 'स्वच्छ' केलेला असण्याची शक्यता. त्याच मालिकेतला शेजारचा स्वस्त अंक त्यावर ठेवून रुंदी ताडून पाहा.

टिंबटिंब

वरच्या प्रतिसादात भर: १९७४ मध्ये डीसीने 'ॲक्शन कॉमिक्स' १ ची (सुपरमॅनचा पहिला अंक) मोठ्या आकारातली पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती. तिचं बाहेरचं जाड कव्हर काढलं की आत जवळजवळ १९३८ चाच अंक दिसतो. तो 'आजोबांच्या पेटीतला' म्हणून खपवायचे प्रकार आजही होतात. ती आवृत्ती सुमारे १० इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच आहे. मूळ अंक पावणेआठ इंचांच्या आसपास रुंद. पट्टी लावली की विषय संपला. अलीकडच्या फॅक्सिमिली (हुबेहूब पुनर्मुद्रित) आवृत्त्यांत जुन्या जाहिरातीसुद्धा जशाच्या तशा छापतात, त्यामुळे पहिल्या पानाच्या तळाचा बारीक मजकूर आणि मुखपृष्ठावरची किंमत व बारकोड बघा.

अडगळ

घासाघिशीबद्दल. १०० डॉलरचं लेबल असलेल्या अंकाला ५० म्हटलंत की डीलरचा चेहरा का पडतो, त्याचा हिशोब मांडतो.

समजा त्याने तो ६० ला घेतलाय. तुम्ही ८५ ला तोडलात आणि 'टॅक्ससकट' म्हणालात. न्यू यॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के. ८५ मधले जवळपास ७ करात गेले, उरले ७८. कार्ड दिलंत तर अडीच डॉलर मशीनवाल्याचे. हातात साडेपंचाहत्तर, म्हणजे सुटले साडेपंधरा. त्यातून टेबलाचं भाडं, व्हॅन, हॉटेल, मदतनीस. म्हणून एका अंकावर १०-१५ टक्के ही रास्त मागणी आहे. ३० टक्के मागायचे असतील तर चळत मोठी हवी. पाच अंकांची बेरीज १८० होत असेल तर 'दीडशे रोख' हा आकडा बहुतेक ठिकाणी चालतो. एकेका अंकावर हुज्जत घालत बसाल तर पाचव्यापर्यंत तो कंटाळलेला असतो.

रोख का आवडते ते वेगळं सांगायला नको. पण 'रोख दिलेत तर टॅक्स नाही' असं म्हणणारा डीलर कर स्वतः भरतोय की बुडवतोय, हे तुम्हाला कळत नाही. पावती मागा. मेरीलँडमध्ये (बाल्टिमोर) ६ टक्के, सॅन डिएगोत ७.७५, २०० डॉलरच्या अंकाला न्यू यॉर्कमध्ये पावणेअठरा डॉलर वर जातात, हे आधीच धरून बोली लावा.

वेळ: पहिला दिवस निवडीचा, शेवटचा सौद्याचा. रविवारी दुपारी तीननंतर खोक्यांतला माल निम्म्या भावात निघतो, कारण तो परत गाडीत चढवायचा असतो. वॉल बुकना हा नियम लागू नाही. ते एका सुटकेसमध्ये मावतात, त्यामुळे डीलरला घाई नसते. रविवारी चार वाजता महागड्या अंकावर निम्मा भाव मागणारे दरवर्षी तोंडघशी पडतात.

आणि कुठे जायचं? सॅन डिएगोच्या अवाढव्य हॉलमध्ये जुन्या अंकांचा वाटा केव्हाच आक्रसलाय. माइल हाय कॉमिक्ससारख्या मोठ्या डीलरने ४४ वर्षांनंतर २०१७ मध्ये तिथलं दुकान बंद केलं. जुने अंकच हवे असतील तर शार्लटचं हीरोजकॉन, बाल्टिमोर, किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये भरणारे एक दिवसाचे छोटे मेळे. तिथे डीलर बोलतोही निवांत, कारण त्याला भाडं कमी पडलेलं असतं.

कुरकुरीत

एक गोष्ट कुणी काढली नाही. बाई एकटी टेबलापाशी उभी असेल तर 'नवऱ्यासाठी बघताय का', आणि सोबत नवरा असेल तर सगळी उत्तरं त्याच्याकडे बघून. प्रश्न तिने विचारलेला असला तरी. आपल्या लोकांना वेगळाच अनुभव: 'तुम्ही काय भाव पाडणारच' असं हसत हसत. आणि तिसरा प्रकार, परीक्षा घेणारे: 'या अंकात शाई (पेन्सिलच्या चित्रांवरचं शाईकाम) कुणी केली ते सांगा बघू.'

यावर उपाय काय?

निळी_शाई

परीक्षा घेणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, अंकाबद्दलचा प्रश्न परत विचारायचा: 'मधलं पान सुटलंय का?' ज्याला विकायचंय तो भानावर येतो. सोबत्याने गप्प राहून दोन पावलं मागे सरकावं, डीलरला वळावंच लागतं. शेरेबाजी पातळी सोडून असेल तर टेबलाचा क्रमांक टिपून आयोजकांच्या मदतकक्षाला सांगा. पुढच्या वर्षीची टेबलं त्यांच्या हातात असतात, डीलर त्यांनाच घाबरतो. टेबलापाशी उभं राहून वाद घालण्याचा उपयोग शून्य.

कुरकुरीत

दोन पावलं मागे सरकणं जमेल. गप्प राहणं अवघड आहे आमच्याकडे.

पिंपळपान७

विकायला जाणाऱ्यांसाठी. डीलरची खरी वागणूक तेव्हा कळते. विकताना जो अंक ९.२ असतो तो घेताना ७.५ होतो. ग्रेडिंगमधली ही लवचीकता गृहीत धरूनच जा.

काय मिळेल: चटकन खपणारा मोठा अंक असेल तर बाजारभावाच्या साधारण ६०-७० टक्के, मधल्या दर्जाचे असतील तर ४०-५०. नव्वदच्या दशकातले ढिगाने छापलेले अंक असतील तर नगावर नाही, खोक्यावर भाव होतो आणि तो ऐकून वाईट वाटतं. त्या काळात एकेका अंकाच्या लाखो प्रती निघाल्या, सगळ्यांनीच जपून ठेवल्या. डीलरला शिव्या घालून फायदा नाही.

पद्धत: यादी छापून न्या (शीर्षक, क्रमांक, तुमच्या अंदाजाची ग्रेड). शनिवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा गल्ल्यावर गर्दी असते आणि तो तुम्हाला झटकतो. पहिल्या दिवशी सकाळी किंवा शेवटच्या दिवशी बंद होण्याआधी दोन तास. तीन टेबलांवर आकडा घ्या. पहिल्याने सांगितलेला आकडा दुसऱ्याला सांगू नका, दोघे मित्र असतात. आणि 'फक्त हे चार घेतो' असं म्हणणाऱ्याला तेच चार द्यायचे असतील तर भाव वेगळा लावा, कारण मलई तो काढतोय आणि ताक तुमच्याकडे ठेवतोय. रोखीऐवजी बदल्यात अंक घेतलेत तर १०-१५ टक्के जास्त धरून मिळतात.

दुपारचा_चहा

स्लॅब घेतला तर ही सगळी कटकट वाचते ना? ग्रेड छापलेलीच असते.

शेवटचं_पान

बरीचशी वाचते, सगळी नाही. सीजीसी ही ग्रेड देणारी कंपनी २००० पासून चालू आहे. लेबलाचा रंग आधी बघा: निळं साधं, पिवळं साक्षीदारासमोर सही झालेलं, जांभळं डागडुजी केलेलं, हिरवं म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून ग्रेड दिलेली. कापलेल्या स्टॅम्पचे अंक बऱ्याचदा हिरव्यात येतात. जांभळ्या-हिरव्या ९.० ला निळ्या ९.० चा भाव लावणारे डीलर भेटतात, 'ग्रेड तीच आहे की' म्हणत.

लेबलावरचा क्रमांक सीजीसीच्या संकेतस्थळावर टाकून शीर्षक, ग्रेड आणि लेबल जुळतंय का बघा. एवढ्यावर थांबू नका. कवच उघडून आतला अंक बदलून हलक्या अंकाला भारी लेबल लावायचे प्रकार झालेत. २०२४ च्या सुरुवातीला सीजीसीने स्वतःच संशयित क्रमांकांची यादी जाहीर केली. कवचाच्या चारही कडा उजेडात फिरवा. ओरखडे, पांढरट चुरा, उचकटल्याच्या खुणा दिसल्या तर सोडून द्या. प्लास्टिकवर तेलासारखी सप्तरंगी वर्तुळं दिसतात ती मात्र निरुपद्रवी, दोन थर चिकटल्याने दिसतात.

कवचाबाहेरचा महाग अंक घेताना पावतीवर एक ओळ लिहून मागा: डागडुजी निघाली तर पैसे परत. आणि मुदत लिहून घ्या. ग्रेडिंगला पाठवून परत यायला महिने लागतात, तेव्हा तीस दिवसांची हमी कुचकामी. चांगले डीलर लिहून देतात. जो 'तोंडी शब्द आहे' म्हणतो त्याला क्रेडिट कार्डानेच पैसे द्या. व्हेन्मो-झेल अशा पैसे पाठवायच्या ॲपने मित्राला पाठवतात तसे पाठवलेत तर परत मागायला कुणी नसतं.

खडूफळा

मुंबई कॉमिक कॉनला यातलं किती लागू?

टिंबटिंब

फार थोडं. भारतातलं कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं, आणि आपल्याकडच्या मेळ्यांत प्रकाशक, पोस्टर, टी-शर्ट, पुतळे यांचाच भरणा. जुन्या अंकांचा बाजार रद्दीवाले आणि संग्राहकांचे गट यांच्यात चालतो. इंद्रजालचे अंक १९६४ पासून निघाले, मराठीतही होते. वेताळाच्या जुन्या मराठी अंकांना आज चांगला भाव आहे, म्हणून स्कॅन करून छापलेल्या प्रतीही फिरतात. दहापट भिंग लावा. मूळ छपाईत ठिपके रेखीव असतात. स्कॅनवरून छापलेल्यात ठिपक्यांवर ठिपके चढून जाळीची लहर दिसते. आणि जुन्या कागदाचा पिवळेपणा कडेकडून आत फिकट होत जातो, सगळ्या पानावर सारखा असेल तर तो छापलेला पिवळा.

दुपारचा_चहा

शेवटचं विचारते: अमेरिकेतून पुण्याला आणताना स्लॅब चेक-इन बॅगेत चालेल?

अडगळ

केबिन बॅगेत ठेवा. स्लॅब साधारण ८ बाय १३ इंच, सहा-सात सहज मावतात. प्रत्येक स्लॅब वेगळ्या बबल रॅपमध्ये, आणि उभे; आडवे एकावर एक रचले की खालच्या कवचाला तडा जातो. सुट्या अंकांना दोन्ही बाजूंनी कोरुगेटेड पुठ्ठा, पुठ्ठा अंकापेक्षा इंचभर मोठा. स्कॅनरवर बॅग उघडायला लावली तर अधिकाऱ्याला 'पिशवीतून काढू नका' असं आधीच सांगा. डीलरची पावती हाताशी ठेवा, कस्टमला किंमत तीच दाखवायची.

पुण्यात पोचल्यावर स्लॅब हवाबंद आहे असं समजून कपाटात कोंबू नका, तो हवाबंद नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलात तर पिना गंजतात. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, सोबत सिलिका जेलची पुडी आणि दहा-बारा डॉलरचा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा). काटा पन्नाशीच्या आसपास राहिला पाहिजे. साठच्या वर गेला की पुडी बदला.